ऑब्जेक्ट न बनवता काय वापरता येते: दादरच्या रविवारच्या जावा शिकवणीविषयी

दादर पश्चिमेला, रानडे रस्त्यावरून आत वळल्यावर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी 9 ते 12 जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची एक छोटी शिकवणी भरते. चार रविवारांचा अभ्यासक्रम, 3,500 रुपये शुल्क, एका तुकडीत जास्तीत जास्त 12 जण आणि सगळे शिकवणे मराठीतून, असे तिचे स्वरूप आहे. सर जाहिरात करत नाहीत आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ते इथे देत नाही. मुंबईत शिकवणीलाही क्लासच म्हणतात. गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात क्लास हा शब्द मी फक्त जावातल्या क्लाससाठी, म्हणजे ज्या आराखड्यावरून प्रोग्राममधल्या प्रत्यक्ष वस्तू किंवा ऑब्जेक्ट बनवतात त्यासाठी, राखून ठेवला आहे.

गेली सहा वर्षे मी सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करते. जावा मला वाचता येते, बऱ्यापैकी लिहिताही येते, पण स्टॅटिक या शब्दापाशी माझी समज कायम एका पाठ केलेल्या वाक्यावर येऊन थांबत असे: ‘ज्याला वापरण्यासाठी ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही ते स्टॅटिक.’ हे वाक्य चुकीचे नाही आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. मात्र त्यात फक्त परिणाम सांगितलेला आहे, कारण नाही. ते कारण ठाऊक नसल्यामुळे मागच्या वर्षी कामावर माझे तीन दिवस फुकट गेले, आणि त्या तीन दिवसांमुळेच मी या शिकवणीत नाव घातले. चारपैकी मधले दोन रविवार जवळजवळ पूर्णपणे स्टॅटिक या विषयाला दिलेले आहेत. मी लिहिते आहे ते प्रामुख्याने त्या दोन रविवारांविषयी.

दुसऱ्या रविवारी सरांनी खानावळीच्या पावतीचे उदाहरण घेतले. जावात व्हेरिएबलची, म्हणजे मूल्य ठेवण्याच्या जागेची, आणि क्लासची नावे देवनागरीतही ठेवता येतात, ही गोष्ट वर्गातल्या बहुतेकांना तिथेच पहिल्यांदा कळली. फळ्यावर ‘पावती’ नावाचा क्लास आला, त्यात ‘एकूण’ आणि ‘क्रमांक’ अशी दोन पूर्णांकी व्हेरिएबल्स आली, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या भागात, दोनच ओळी: एकूण एकने वाढवा, आणि आलेली संख्या क्रमांकात ठेवा. मग तीन पावत्या बनवून त्यांचे क्रमांक छापायचे. प्रोग्राम चालवण्याआधी प्रत्येकाने उत्तर कागदावर लिहायचे, असा सरांचा नियम आहे. आम्ही सगळ्यांनी 1, 2, 3 असे लिहिले. पडद्यावर 1, 1, 1 आले.

त्यानंतरची वीस मिनिटे या शिकवणीचा सर्वांत मोलाचा भाग होती, असे मला वाटते. सरांनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी निळ्या मार्करने तीन चौकटी काढल्या, प्रत्येक चौकटीत ‘एकूण’ आणि ‘क्रमांक’ लिहिले आणि एवढेच विचारले, “हा ‘एकूण’ कोणाचा आहे?” प्रत्येक पावतीचा स्वतःचा आहे, हे समोर दिसतच होते. प्रत्येक पावती जन्माला येताना स्वतःचा नवा कोरा शून्य घेऊन येत होती, तो एकने वाढवत होती आणि स्वतःला पहिली समजत होती. मग सरांनी तिन्ही चौकटींतला ‘एकूण’ पुसला, वर लाल मार्करने एक वेगळी चौकट काढून तिच्यावर ‘पावती, क्लास’ असे लिहिले आणि तो शब्द तिथे नेऊन ठेवला. प्रोग्राममध्ये बदल एकाच शब्दाचा झाला, ‘एकूण’च्या आधी स्टॅटिक लिहिले गेले, आणि पडद्यावर 1, 2, 3 आले. आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, “म्हणजे पावत्या अनेक, पण पावतीपुस्तक एकच.” सरांनी ही उपमा मान्य केली, पण लगेच पुस्तीही जोडली की पुस्तक हा काही वेगळा ऑब्जेक्ट नव्हे, ती क्लासचीच मालमत्ता आहे आणि एकही पावती फाडलेली नसताना ती जागेवर असते. याची खात्री पटावी म्हणून त्यांनी एकही पावती बनवण्याआधी ‘पावती.एकूण’ छापून दाखवले. उत्तर 0 आले, चूक आली नाही.

ऑब्जेक्ट न बनवता वापरता येते ही सोय अशा रीतीने मालकीतून आपोआप निघते. जी वस्तू कोणत्याही एका ऑब्जेक्टची नाही, ती मागण्यासाठी ऑब्जेक्ट दाखवण्याची गरजच उरत नाही. क्लासचे नाव पुरते. मी आजवर हे उलट्या टोकाकडून पाठ केले होते.

उलट बाजू समजावताना सरांनी चाळीचा दाखला दिला. चौकातल्या सार्वजनिक नळावर पाणी भरायला कोणत्याही बिऱ्हाडाला विचारावे लागत नाही. पण कोणी नुसतेच “माठातले पाणी आणा” म्हणाले, तर पहिला प्रश्न येतो की कोणत्या खोलीतल्या माठातले. मेथड म्हणजे क्लासमध्ये लिहिलेले, नावाने बोलावता येणारे काम; स्टॅटिक मेथडमधून साध्या व्हेरिएबलला थेट हात घातला की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्रासाठी भाषांतरित करणारे साधन, नेमकी हीच हरकत घेतो. स्टॅटिक मेथड क्लासच्या नावाने चालते, तिच्या हाती ‘धिस’, म्हणजे ‘हाच ऑब्जेक्ट’ असा निर्देश, नसतो, त्यामुळे ‘क्रमांक’ म्हटल्यावर कोणत्या पावतीचा क्रमांक हे तिला सांगताच येत नाही. तिला एखादी पावती पॅरामीटर म्हणून, म्हणजे बोलावतानाच हाती, दिली तर मात्र ती त्या पावतीचा क्रमांक खुशाल वाचू शकते. ही दुसरी अर्धी बाजू पुष्कळ ठिकाणी शिकवलीच जात नाही, आणि मग विद्यार्थी ती चूक घालवण्यासाठी दिसेल त्या व्हेरिएबलला स्टॅटिक करत सुटतात. कंपायलर गप्प होतो, पण सगळ्या पावत्यांवर शेवटचा क्रमांक छापला जातो. सरांनी हा चुकीचा मार्ग मुद्दाम फळ्यावर करून दाखवला, तीनही पावत्यांवर 3 आलेले दाखवले, आणि मगच तो पुसला. याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

मेन मेथड, म्हणजे जिथून प्रोग्राम सुरू होतो ती मेथड, स्टॅटिक का असते, हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर इथे दोन वाक्यांत मिळाले आणि ते पुरेसे होते: प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणी त्या क्लासचा एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसतो, म्हणून जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या आभासी यंत्राला क्लासच्या नावानेच हाक मारता येईल अशी मेथड लागते. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जावा 25 पासून मेन स्टॅटिक असण्याची सक्ती उरलेली नाही, हेही सरांनी सांगितले. तशा वेळी यंत्र स्वतःच पॅरामीटर नसलेल्या कन्स्ट्रक्टरने त्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवते आणि मग मेनला हाक मारते. म्हणजे गरज नाहीशी झाली नाही, ऑब्जेक्ट बनवण्याचे काम आपल्याऐवजी यंत्राने अंगावर घेतले. सरांचे ज्ञान ताजे असल्याची ती खूण होती, आणि म्हणूनच पुढे छापील टिपणांविषयी लिहावे लागणार आहे याचे वाईट वाटते.

तिसरा रविवार फसव्या जागांचा होता. मॅथ हा गणिती कामांचा क्लास आपण रोज वापरतो, ‘मॅथ.मॅक्स’ किंवा ‘मॅथ.रँडम’ लिहिताना मॅथचा ऑब्जेक्ट कधी बनवत नाही. पण तो बनवायचाच म्हटले तर काय होईल, हे आमच्यापैकी कोणी करून पाहिले नव्हते. त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून वापरता न येणारा, आहे, कंपायलर दारातूनच परत पाठवतो. ज्या क्लासपाशी स्वतःची अशी कोणतीही स्थिती नाही त्याचे ऑब्जेक्ट बनवण्यात अर्थ नसतो, आणि लिहिणाऱ्याने तसा बंदोबस्तही करून ठेवलेला असतो. सी शार्प या भाषेत 2005 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून याच कामासाठी संपूर्ण क्लासलाच स्टॅटिक म्हणता येते, हा उल्लेख ओघात आला.

मग सरांनी ‘पावती’ प्रकारचे एक व्हेरिएबल घेतले, त्यात नल, म्हणजे ‘कोणताच ऑब्जेक्ट नाही’ हे मूल्य, ठेवला आणि त्या नलवरून ‘एकूण छापा’ ही स्टॅटिक मेथड बोलावली. वर्गातल्या प्रत्येकाने कागदावर नल पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे नलकडे काही मागितल्यावर येणारी चूक, असे लिहिले होते. प्रोग्राम सुरळीत चालला आणि त्याने संख्या छापली. कंपायलर तिथे व्हेरिएबलच्या आत काय आहे ते पाहतच नाही, त्याचा जाहीर केलेला प्रकार पाहतो आणि हाक क्लासच्या नावाने लावून देतो. जावा ऑब्जेक्टच्या नावाने स्टॅटिक मेथड बोलावू देते, सी शार्प देत नाही. सी शार्पची कडक भूमिका मला अधिक योग्य वाटते, कारण ‘पावती1.एकूण’ असे लिहिलेले वाचताना वाचणारा हमखास समजतो की हा पहिल्या पावतीचा एकूण आहे. सरांनी सक्ती केली की वहीत आणि प्रोग्राममध्ये स्टॅटिक गोष्टीपुढे क्लासचेच नाव आले पाहिजे. घरच्या अभ्यासात एकाने तसे केले नव्हते, तर त्यांनी ती ओळ पुन्हा लिहून घेतली.

याच कारणामुळे स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही, हेही तिथेच उलगडले. ‘घरपोच पावती’ असा उपक्लास, म्हणजे ‘पावती’वर आधारलेला क्लास, काढून त्यात त्याच नावाची स्टॅटिक मेथड लिहिली, आणि व्हेरिएबलचा प्रकार मूळ ‘पावती’ ठेवून आत घरपोच पावतीचा ऑब्जेक्ट घातला, तरी हाक मूळ क्लासच्या मेथडलाच जाते. उपक्लासमधली मेथड मूळ मेथडला झाकते, तिची जागा घेत नाही.

आता माझ्या तीन दिवसांविषयी. आमच्या स्वयंचलित चाचण्या जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनात लिहिलेल्या आहेत. मागच्या वर्षी एक चाचणी अशी होती की एकटी चालवली तर उत्तीर्ण होई, सगळ्यांबरोबर चालवली तर नापास होई, आणि कधी कधी क्रम बदलला की पुन्हा उत्तीर्ण होई. मी डेटाबेस तपासला, जाळे तपासले, घड्याळाच्या वेळा तपासल्या, आणि शेवटी एका सहकाऱ्याने दाखवले की एका मदतनीस क्लासमध्ये ग्राहकांची यादी स्टॅटिक ठेवलेली होती आणि आधीच्या चाचणीने तिच्यात घातलेले दोन ग्राहक तिथेच बसून होते. दुरुस्ती झाली, पण ‘असे का’ हे मला तेव्हा समजले नव्हते. तिसऱ्या रविवारी मी हा प्रसंग वर्गात मांडला आणि सरांनी उरलेला अर्धा तास त्यालाच दिला. जेयुनिट एरवी प्रत्येक चाचणी मेथडसाठी चाचणी क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवते, म्हणून साधी व्हेरिएबल्स दर वेळी कोरी मिळतात आणि आपल्याला त्या कोरेपणाची सवय होते. स्टॅटिक यादी मात्र कोणत्याच ऑब्जेक्टची नसल्यामुळे ऑब्जेक्ट बदलल्याचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही; क्लास एकदा यंत्रात आला की तो उतरवला जाईपर्यंत ती टिकते. सगळ्या चाचण्यांच्या आधी एकदाच चालणारी ‘बिफोर ऑल’ मेथड एरवी स्टॅटिकच का लागते, हेही त्याच सूत्रात आले: ती चालते तेव्हा चाचणीचा एकही ऑब्जेक्ट बनलेला नसतो. ज्या गोष्टी मी सहा वर्षे वेगवेगळ्या कप्प्यांत पाठ करून ठेवल्या होत्या, त्या एका प्रश्नाने एकत्र येऊन उभ्या राहिल्या. या एका अर्ध्या तासासाठी मी शुल्क दुसऱ्यांदा भरले असते.

यापुढे तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली छापील टिपणांची. शुल्कात मिळणाऱ्या टिपणांत लिहिले आहे की स्टॅटिक व्हेरिएबल्स ‘पर्मजेन’ नावाच्या स्मृतीच्या भागात राहतात. हे फार जुने झाले आहे. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या हॉटस्पॉट या आभासी यंत्रात जावा 7 पासूनच स्टॅटिक व्हेरिएबल्स त्या क्लासच्या ‘क्लास’ ऑब्जेक्टबरोबर हीपवर, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या स्मृतीच्या भागात, आली, आणि 2014 च्या जावा 8 मध्ये तर पर्मजेन हा भागच काढून टाकून त्याजागी मेटास्पेस आणली गेली. तोंडी शिकवताना सर बरोबर सांगतात, पण विद्यार्थी मुलाखतीच्या आदल्या रात्री टिपणेच वाचणार. मी त्यांना हे दाखवले, त्यांनी मान्य केले, आणि तरीही पुढच्या तुकडीला तीच टिपणे दिल्याचे मला कळले. पैसे घेऊन दिलेल्या छापील कागदात इतकी जुनी माहिती राहू देणे योग्य नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. खानावळीच्या त्या उदाहरणात पैसे घेण्याच्या दोन गल्ल्यांवरून एकाच वेळी पावत्या निघाल्या तर काय होईल, हा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा “तो पुढचा विषय आहे” एवढेच उत्तर मिळाले. माझ्या मते तो पुढचा विषय नाही, तो याच विषयाचा गाभा आहे. जे सामायिक आहे त्यावर एकाच वेळी दोघांचे हात पडणारच. ‘एकूण एकने वाढवा’ ही ओळ दिसायला एक असली तरी आत तीन पायऱ्या असतात: जुनी संख्या वाचणे, त्यात एक मिळवणे, नवी संख्या परत ठेवणे. दोन थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांनी, 7 ही संख्या एकदमच वाचली तर दोघेही 8 ठेवतात, आणि दोन गिऱ्हाइकांच्या हाती आठ क्रमांकाची पावती पडते. शिवाय आपल्या उदाहरणात वाढवणे आणि क्रमांक घेणे या दोन वेगळ्या ओळी आहेत, तेव्हा मध्ये दुसऱ्याने घुसण्याची आणखी एक फट आहे. जावा 5 पासून असलेला ॲटॉमिक इंटिजर हा तयार क्लास वापरून, वाढवणे आणि नवी संख्या मिळवणे हे एकाच अखंड कृतीत करणे, हा त्यावरचा सोपा उपाय दहा मिनिटांत दाखवता आला असता. नाहीतर नवशिका एका वेळी एकाच थ्रेडला आत येता यावे म्हणून ‘धिस’वर कुलूप लावतो आणि निर्धास्त होतो, पण प्रत्येक पावतीचे ‘धिस’ वेगळे, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या खोलीला कुलूप लावायचे आणि चौकातला नळ उघडाच, अशी स्थिती होते. कुलूप क्लासवर लागले पाहिजे, आणि स्टॅटिक मेथडला सिंक्रोनाइझ्ड म्हटले की ते तसेच लागते. चाळीचा इतका समर्पक दाखला हाताशी असताना सरांनी तो इथवर आणला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

इतर भाषांचा भाग शेवटच्या रविवारी घाईत उरकला. सी प्लस प्लसमध्ये स्टॅटिक व्हेरिएबलची व्याख्या क्लासच्या बाहेर एकदा वेगळी द्यावी लागते, आणि 2017 च्या मानकापासून ‘इनलाइन’ लिहून ती आतच देता येते, हे सांगून झाले. पायथनचे उदाहरण मात्र अर्धवट राहिले, आणि ते राहायला नको होते. पायथनमध्ये क्लासवर ‘एकूण’ ठेवून कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सेल्फ’च्या, म्हणजे त्या ऑब्जेक्टच्या, नावाने तो एकने वाढवला, तर वाचताना क्लासचा वाचला जातो पण ठेवताना त्या ऑब्जेक्टवर नवा बनतो, आणि पडद्यावर पुन्हा आपल्या ओळखीचे 1, 1, 1 येते. वाढवायचा असेल तर क्लासच्या नावानेच वाढवावा लागतो. दुसऱ्या रविवारच्या चुकीकडे दुसऱ्या वाटेने परत येणारे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

वर्गाची खोली लहान आहे. बारा जण बसले की लॅपटॉप मांडीवरच ठेवावा लागतो, आणि फळा मागच्या ओळीतून नीट दिसत नाही. लाल चौकट तर उन्हाच्या तिरिपीत जवळजवळ नाहीशी होते, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे. पाण्याची आणि वाटेतल्या चहाची सोय चांगली आहे. सर वेळेवर सुरू करतात, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असलेल्या रविवारी मात्र ठाणे-डोंबिवलीकडच्यांसाठी पंधरा मिनिटे थांबतात, आणि कोणाचा रविवार चुकला तर पुढच्या तुकडीत तेवढाच दिवस विनाशुल्क बसू देतात.

ज्याला जावाची ओळखच नाही त्याने इथे लगेच जाऊ नये. पहिला रविवार त्याच्यासाठी फार वेगाने जाईल. ज्यांनी महाविद्यालयात हा विषय पाठ करून गुण मिळवले आहेत, किंवा जे माझ्याप्रमाणे रोज जावा वाचतात पण स्टॅटिक दिसले की वरवर वाचून पुढे जातात, त्यांनी जरूर जावे. थ्रेडच्या भागासाठी मात्र दुसरीकडून अभ्यास करावा लागेल हे धरून चालावे. जाताना लॅपटॉपवर जावा 18 किंवा त्यानंतरची आवृत्ती आधीच घालून न्यावी, कारण त्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 हीच मूळ अक्षरपद्धती मानली जाते आणि सरांची देवनागरी नावे वेगळी खटपट न करता चालतात. माझ्या शेजारच्या मुलाकडे विंडोजवर जावा 8 होती आणि दुसऱ्या रविवारचा पाऊण तास त्याचा ‘पावती’ हा शब्द कंपायलरला वाचायला लावण्यातच गेला.